सिकलसेल, अस्थिमज्जा आणि आपण

दलित चळवळीत आरोग्याचा प्रश्न नेहमी मागे राहिला. जमीन, शिक्षण, राखीव जागा, अत्याचार हे प्रश्न इतके धगधगते होते आणि आहेत, की आजारपण हे ज्याच्या-त्याच्या घरचे दुःख समजून आपण ते ज्याच्या-त्याच्यावर सोडून दिले. परंतु सिकलसेल हा आजार एका घराच्या उंबरठ्याआड ठेवता येणारा नाही. विदर्भातील बौद्ध वस्त्या, गोंड, परधान, माडिया यांची गावे, नंदुरबारकडील भिल्ल आणि पावरा यांचे पाडे येथे तो पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून आहे. ज्या नागपुरात १९५६ साली आपण धम्माची दीक्षा घेतली, त्याच नागपुरातून शुक्ला आणि सोळंकी या दोन डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे शास्त्राला हा रोग येथे आहे हे कळून सहा दशकांहून अधिक काळ लोटला. आपल्या वस्तीला मात्र तो अजूनही 'अंगदुखी', 'कावीळ', 'बाहेरची बाधा' अशा नावांनीच पुष्कळदा भेटतो.

अलीकडे या रोगाच्या जोडीला आणखी एक शब्द ऐकू येऊ लागला आहे : स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी. 'आता यावर कायमचा इलाज निघाला म्हणतात, ते खरे काय ?' असा प्रश्न विद्यार्थी, कार्यकर्ते आणि पालक विचारतात. उत्तर 'होय' असे आहे. पण एवढेच उत्तर देऊन थांबणे ही गरीब माणसाची फसवणूक होईल, आणि 'ते आपल्यासाठी नाही' असे म्हणून दार लावणे हीही फसवणूकच होईल. म्हणून हा लेख.

मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. चंद्रपूर जिल्ह्यातील भातपट्ट्यातून आलो. पदवी घेणारा आमच्या घरातला मी पहिला. माझ्या रक्तात सिकलसेलचा अर्धा दोष आहे, मी वाहक आहे. नोकरीमुळे आता मुळशी तालुक्यात कासार आंबोलीला राहतो. पिरंगुटपासून पौडपर्यंतच्या या पट्ट्यात कारखाने आहेत आणि त्यांत कंत्राटी कामाला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची मुले येतात. एका खोलीत पाच-सहा जण राहतात. रोग माणसाबरोबर प्रवास करतो. त्या रोगाची माहिती मात्र विदर्भातच राहते. गोंदियाकडचा बावीस-तेवीस वर्षांचा एक कामगार पावसाळ्यात, रात्रपाळीनंतर, हाडे फुटल्यासारखी दुखतात म्हणून तीन दिवस पडून होता. ना ताप, ना जखम. ठेकेदाराने 'पोरगा नाटक करतो' असे ठरवून त्याचा खाडा मांडला. गोळी-इंजेक्शन झाले, दुखणे राहिलेच. पुढे पुण्यात तपासणी झाली तेव्हा कागदावर 'एसएस' ही दोन अक्षरे आली. या दोन अक्षरांचा अर्थ समजून घेण्यापासून सुरुवात करू.

१

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोचविणे हे त्याचे काम. हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची जी साखळी असते ती १४६ दुव्यांची असते. सिकलसेलमध्ये या १४६ पैकी फक्त सहावा दुवा बदललेला असतो. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग हिमोग्लोबिनच्या रेणूचाच रोग आहे हे दाखविले. नेमका दुवा कोणता, हे पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ साली शोधले. एका दुव्याची ही अदलाबदल. पण प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोर तयार होतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा.

विळ्यासारख्या पेशी केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्या भागाचे रक्त अडले तो भाग उपाशी राहतो व ठणकतो. तीच ती हाडे फोडणारी वेदना. थंडी, तहान, अतिश्रम, ताप यांनी ती उसळते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि साधा जंतुसंसर्गही बाळाचा जीव घेऊ शकतो. काहींना छातीत गंभीर विकार होतो, काही मुलांना लहान वयात अर्धांगाचा झटका येतो.

आई आणि बाप यांच्याकडून प्रत्येकी एक असे या साखळीचे दोन जनुक आपल्याला मिळतात. दोन्ही चांगले तर 'एए'. एक चांगला, एक सदोष तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, पोलिसात जातो, लेख लिहितो. दोन्ही सदोष असले तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता शेकडा २५, वाहक होण्याची ५० आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ असते. प्रत्येक वेळी नवा डाव. 'पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली' असा हिशोब येथे चालत नाही.

२

हा रोग आपल्यातच का ? या प्रश्नाचे उत्तर नीट दिले नाही तर 'रक्तच नासके' ही जुनी शिवी नव्या वैद्यकीय वेषात परत येते. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले, की वाहक माणसाला हिवतापापासून, म्हणजे मलेरियापासून, संरक्षण मिळते. जेथे हिवतापाने मुले मरत होती तेथे वाहक मुले अधिक जगली, त्यांची संतती वाढली आणि त्यांच्याबरोबर हा जनुकही टिकला. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस आणि तुर्कस्तानात आहे, आणि जंगल, तळी, भातखाचरे यांच्या आमच्या झाडीपट्टीतही आहे. डासाने जात विचारली नाही. जंगलाच्या आणि पाण्याच्या काठाने जे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांच्या रक्ताने जगण्यासाठी ही किंमत मोजली. या जनुकाला लाज वाटावी असे काहीही नाही.

जातीने येथे वेगळेच काम केले. तिने लग्नाचे दार बंद ठेवले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म एका गोष्टीत सांगितले होते : जातीच्या आतच लग्न. जो जनुक मोकळ्या समाजात विखुरला असता तो बंद दाराआड साचून राहिला आणि वाहकाशी वाहकाची गाठ पुन्हा पुन्हा पडत गेली. महाराष्ट्रातील आदिवासी गटांत वाहकांचे प्रमाण कोठे जवळजवळ शून्य, तर कोठे शेकडा ३५ पर्यंत आढळले आहे, त्यात या बंदिस्तपणाचा वाटा आहे. बाबासाहेबांचा हा विचार पुढे उपचाराच्या संदर्भातही आपल्याला लागणार आहे.

३

आता प्रत्यारोपणाकडे वळू. रक्ताच्या पेशी तयार होतात त्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत. तेथे काही थोड्या पेशी अशा असतात की त्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि तांबड्या, पांढऱ्या अशा सर्व रक्तपेशींनाही जन्म देतात. या मूलपेशी. सिकलसेलच्या रुग्णाची मज्जा आळशी नसते, उलट ती जिवापाड राबते. पण तिच्याजवळचा साचाच सदोष असल्यामुळे प्रत्येक वीट वाकडी निघते. तेव्हा साचा बदलायचा, म्हणजे जुनी मज्जा काढून टाकून तेथे निरोगी माणसाच्या मूलपेशी रुजवायच्या, हा या उपचाराचा गाभा.

हा विचार सिकलसेलसाठी प्रथम सिद्ध झाला तो एका वेगळ्याच निमित्ताने. अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात आठ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. तिला सिकलसेलही होता. कर्करोगासाठी तिला भावाची मज्जा देण्यात आली. कर्करोग गेला आणि सिकलसेलही गेला. १९८४ साली हे प्रसिद्ध झाले. तो भाऊ स्वतः वाहक होता, हे विशेष. वाहकाची मज्जा वाहकाचेच रक्त तयार करते आणि वाहक निरोगी असतो; तेवढे पुरेसे असते. आपल्या देशात पहिले अस्थिमज्जा-प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये झाले, तेही कर्करोगासाठी. म्हणजे ही विद्या आपल्या राज्यात चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे.

प्रक्रिया अशी. प्रथम दाता शोधायचा. येथे रक्तगट जुळणे महत्त्वाचे नसते. महत्त्वाच्या असतात त्या एचएलए नावाच्या खुणा, ज्यांवरून शरीर आपले आणि परके ओळखते. दाता मिळाला की रुग्णाला काही दिवस तीव्र औषधे देऊन त्याची जुनी मज्जा नष्ट करतात आणि परक्या पेशींना विरोध करणारी त्याची प्रतिकारशक्ती दाबतात. दात्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. ती मज्जा रुग्णाला रक्ताच्या बाटलीप्रमाणे शिरेतून देतात. हाड कापणे नाही, टाके नाहीत. मूलपेशी रक्तातून वाहत जाऊन आपली जागा आपणच शोधतात. दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त दिसू लागते. या आठवड्यांत रुग्णाला प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, म्हणून त्याला निर्जंतुक खोलीत ठेवतात. पुढेही काही महिने रुग्णालयाच्या जवळ राहून तपासण्या आणि औषधे चालू ठेवावी लागतात.

धोके लपवू नयेत. नव्या मज्जेतून निर्माण झालेल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करू शकतात. मज्जा न रुजण्याची शक्यता असते. जंतुसंसर्गाने जीव जाऊ शकतो. आधीच्या तीव्र औषधांमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून याविषयी अगोदर बोलणे हा रुग्णाचा हक्क आहे. १९८६ ते २०१३ या काळात जगभर झालेल्या, पूर्ण जुळणाऱ्या भावंडांच्या एक हजार प्रत्यारोपणांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर शेकडा सुमारे ९३ रुग्ण जिवंत होते आणि शेकडा सुमारे ९१ जण रोगापासून मुक्त होते. वय लहान असेल तितका निकाल चांगला, हेही त्यात दिसले. आकडा आशादायक आहे. पण शंभरातील सुमारे सात जण गेले, हेही पालकांना त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. प्रत्यारोपणाने रक्त बदलते, बीज बदलत नाही. बरा झालेला रुग्ण आपल्या मुलांना सदोष जनुक देतच राहतो. म्हणून लग्न ठरविताना जोडीदाराची तपासणी त्यालाही लागतेच.

४

'माह्या बहिणीचं जुळलं तं तिले काही होईन का, सर ?' त्या कामगाराने मला हा प्रश्न विचारला होता. स्वतःच्या जिवाविषयी त्याने पहिल्यांदा विचारले नाही, बहिणीविषयी विचारले. उत्तर असे : दात्याची काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. भुलीचा जो नेहमीचा धोका असतो तेवढा असतो. काही दिवस कंबर दुखते. तिच्या संसारावर, बाळंतपणावर परिणाम होत नाही. पण वस्तीत कुजबूज होते, 'हिच्या हाडातले काढून घेतले', आणि मुलीच्या लग्नात अडथळा येतो. तेव्हा बहिणीची संमती तिला एकटीला विचारून, समजावून घेतली पाहिजे. भावासाठी बहिणीने द्यायचेच असते, हा जुना न्याय येथे लावता कामा नये.

जुळण्याचा हिशोबही समजून घ्यावा. एका भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता शेकडा २५. ते भावंड स्वतः रुग्ण नसण्याची शक्यता शेकडा ७५. हे दोन जनुक शरीरात वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र जमण्याची शक्यता सोळात तीन, म्हणजे शेकडा सुमारे १९ येते. थोडक्यात, बहुतेक रुग्णांना घरात दाता मिळत नाही. अर्धे जुळणाऱ्या आई-बापाची मज्जा वापरण्याचे प्रयत्न आता होत आहेत, पण त्यांत मज्जा न रुजण्याचा धोका अधिक.

घराबाहेरचा दाता शोधायचा तर स्वेच्छादात्यांच्या नोंदवह्या आहेत. भारतात 'दात्री' ही संस्था २००९ पासून असे काम करते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात आणि एचएलएची नोंद ठेवतात. येथे बाबासाहेबांचा १९१६ चा सिद्धांत पुन्हा समोर येतो. मज्जेला जात नसते. परंतु शेकडो वर्षे जातीतच लग्ने झाल्यामुळे एचएलएच्या खुणाही गटागटांत साचल्या आहेत. परक्या दात्याशी जुळण्याची शक्यता आपल्याच पूर्वजांच्या गटात जास्त असते. नोंदवहीत शहरी, सुशिक्षित, वरच्या थरातील लोकच भरले असतील, तर गोंडाच्या किंवा बौद्धाच्या मुलाला तेथे जुळणारे नाव सापडणार कोठून ? परक्या दात्याकडून केलेल्या प्रत्यारोपणाचे निकाल सिकलसेलमध्ये आज भावंडाएवढे चांगले नाहीत, हे खरे. पण शास्त्र पुढे जात आहे, आणि ज्या दिवशी ते तेथे पोचेल त्या दिवशी आपली पाने कोरी असता कामा नयेत.

५

प्रत्येक रुग्णाला प्रत्यारोपण लागते काय ? नाही. भारतातील बहुतेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहते. त्यामुळे 'भारतीय सिकलसेल सौम्य' असा एक समज आहे. विदर्भातील मुलांचा अनुभव या समजाला छेद देतो. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी गंभीर आजार असलेल्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. अर्धांगाचा झटका, छातीचा वारंवार होणारा गंभीर विकार, औषध घेऊनही न थांबणाऱ्या वेदना अशा रुग्णांच्या बाबतीत प्रत्यारोपणाचा विचार लवकर व्हावा. बाकीच्यांसाठी औषध आहे. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते आणि वेदनेचे झटके कमी करते. नागपुरात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही मुलांना चांगला गुण आला. लहान बाळांना रोज पेनिसिलिन दिल्यास एका घातक जंतूचा संसर्ग शेकडा ८४ ने घटतो, हे अमेरिकेतील चाचणीने १९८६ साली दाखविले. या दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत. ज्या मुलाला जन्मतः तपासले नाही, पेनिसिलिन दिले नाही, ते मूल प्रत्यारोपणाच्या वयापर्यंत पोचेलच असे नाही. निर्जंतुक खोलीचा रस्ता गावच्या आरोग्य उपकेंद्रावरूनच जातो.

खर्चाचे काय ? जुळणाऱ्या भावंडाच्या प्रत्यारोपणाला खासगी रुग्णालयात दहा-पंधरा लाख रुपये सहज लागतात. शिवाय आई किंवा बापाचा महिनोन्‌महिने बुडणारा रोजगार आणि शहरातील खोलीचे भाडे. कंत्राटी कामगाराने हे कोठून आणावे ? पण सार्वजनिक पैशातून हे होऊ शकते, याचीही उदाहरणे आहेत. मुंबई महापालिकेने बोरिवलीला थॅलसेमिया व रक्तविकारांच्या मुलांसाठी प्रत्यारोपण केंद्र चालविले आहे. थॅलसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत देणारी योजना कोल इंडियाने २०१७ साली सुरू केली. पुण्यासारख्या शहरातील धर्मादाय रुग्णालयांवर शेकडा १० खाटा निर्धनांसाठी मोफत आणि शेकडा १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. ही तरतूद कागदावरून खाटेवर आणायची तर सोबत बोलणारा माणूस लागतो. ते काम कार्यकर्त्याचे.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. 'स्टेम सेल'चे इंजेक्शन देऊन सर्व रोग बरे करतो अशा जाहिराती करणारे दवाखाने आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मूलपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्तविकारांसारख्या ठरावीक आजारांसाठी होणारे मज्जा किंवा रक्तपेशींचे प्रत्यारोपण. बाकी सारे प्रयोग, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. दुसरे, बाळाच्या नाळेतील रक्त पैसे भरून साठवून ठेवा असा आग्रह होतो. रुग्ण बाळाच्या स्वतःच्या नाळेत तोच दोष असतो. ते रक्त त्याच्या सिकलसेलला निरुपयोगी.

जनुकावरच शस्त्रक्रिया करण्याचे तंत्रही आता आले आहे. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून, सुधारून परत देतात; दाता लागत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ साली अशा उपचारास मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या अशाच देशी उपचाराची घोषणा झाली. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिले आहे आणि त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे. नाव फार मोठे आहे. तो उपचार बिरसांच्या लेकरांपर्यंत कोणत्या किमतीला पोचतो, यावर आपण नजर ठेवली पाहिजे.

६

हा प्रश्न चळवळीचा कसा होतो, याचा धडा इतिहासात आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ साली आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलच्या तपासणीची मोहीम सुरू केली. कृष्णवर्णीयांचा रोग म्हणून सरकारने व संशोधकांनी त्याकडे दुर्लक्ष केले, हा त्यांचा आरोप होता. या दबावाच्या काळातच, १९७२ साली, तेथे सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने ते नाव घेतले, तो लढाऊपणा घेतला, आणि मराठी साहित्याला हादरे दिले. रक्त तपासणारा दवाखाना मात्र इकडे आला नाही. तेव्हा गावोगावचे अत्याचार समोर होते. माणूस जिवंत राहतो की नाही हाच प्रश्न होता. म्हणून दोष देण्याचे कारण नाही. पण ते राहिलेले काम आज आपल्यापुढे आहे.

त्या इतिहासाची दुसरी बाजूही विसरू नये. अमेरिकेत काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, वाहकाला आजारी समजले गेले आणि नोकरीत भेदभाव झाला. तेथील हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे ध्येय. तपासणी हवीच. पण निर्मूलन रोगाचे व्हायचे आहे, रुग्णाचे नव्हे. तपासणीचे कार्ड मुलीच्या गळ्यातील नवा डाग होऊ नये, कारखान्याच्या फाटकावर ते कोणी मागू नये. एक वाहक आणि एक निर्दोष यांच्या लग्नात मूल रुग्ण होत नाही, हे साधे सत्य प्रत्येक घरात पोचले तर निम्मी भीती संपते. आणि जातीबाहेर लग्न केल्याने दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता कमी होते. जातिनिर्मूलनाच्या बाजूने हे आणखी एक कारण.

काम करणारी माणसे आपल्यात झाली आहेत. नागपूरला संपत रामटेके यांनी रुग्ण व पालकांची संघटना उभारली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत फिरून या रोगाचा माग काढला. त्यांना २०१९ साली तोच सन्मान मिळाला. ही कामे काही माणसांच्या जिद्दीवर उभी राहिली. आता ती संघटनेच्या अंगवळणी पडली पाहिजेत.

मागण्या स्पष्ट असाव्यात. जन्मतः प्रत्येक बाळाची तपासणी. पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरियाचा अखंड पुरवठा. रुग्ण व भावंडांची एचएलए तपासणी सरकारी खर्चाने. आणि रुग्ण जास्त आहेत त्या विदर्भात व खानदेशात, जवळच्या सरकारी रुग्णालयात, प्रत्यारोपणाची सोय. कामासाठी लोक जेथे जातात त्या मुळशीसारख्या तालुक्यांतही डॉक्टरांना हा रोग ओळखता आला पाहिजे. शिक्षकांनी एवढे लक्षात ठेवावे, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. शेकडा ४० किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातील शेकडा ५ राखीव जागांवर त्या विद्यार्थ्याचा हक्क आहे. वर्गात वारंवार गैरहजर राहणारे, पिवळ्या डोळ्यांचे, खेळात दमणारे मूल आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या रक्ताची चौकशी करावी. विद्यार्थ्यांनी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात एक टेबल तपासणीचे आणि एक टेबल मज्जादात्यांच्या नोंदणीचे लावावे. निकाल ज्याचा त्याच्याच हातात द्यावा, लाउडस्पीकरवर नव्हे. आणि 'इलाज निघाला काय ?' असे कोणी विचारले, तर त्याला आकड्यांसह, धोक्यांसह, खर्चासह पूर्ण उत्तर द्यावे. निर्णय त्याचा, तो घेण्याइतकी माहिती त्याला देणे हे आपले काम.